देवीच्या निर्माल्याचं सोनखत

आमचे हे, म्हणजे बिंदुमाधवराव, बँकेतून निवृत्त झाले आणि काशीतल्या आमच्या अख्ख्या दूधविनायक मोहल्ल्याच्या डोक्याला ताप झाला. माणसं निवृत्तीनंतर गंगेवर बसतात, जप करतात. यांनी देवीच्या देवळामागच्या बागेत खड्डा खणला! निर्माल्य गंगेत टाकायचं नाही, कुजवून खत करायचं आणि त्यावर देवीसाठी मोगरा वाढवायचा, हा ध्यास. हारांतले दोरे, जरी, अगरबत्तीची पाकिटं वेचून वेचून बोटं काळी पडली. घरात भाजी निवडायला सांगा, लगेच कंबर दुखते.

खत मात्र झालं हो, झकास! काळंभोर, भुसभुशीत, कसली म्हणून घाण नाही. त्यावर मोगराही भरभरून फुलला. पण विश्वस्तांना बागेवर फरशी घालून मंडप उभारायचा होता. सभेत खत पसंत पडलं तर बाग राहणार, नाहीतर गेली. यांची झोपच उडाली. पिशव्यांवर नाव काय लिहायचं? 'खाद' नको, ते हिंदी. शुद्ध मराठी हवं. कुठल्याशा जुन्या पुस्तकात दिसलं म्हणे, सोनखत. सोन्यासारखं खत! मी साताऱ्याची, पण मला कशाला विचारतील? काशीच्या मराठी माणसाला मराठी शिकवणारी मी कोण?

सभेत पिशव्या वाटल्या. नाशिकहून आलेल्या कीर्तनकारबुवांनी नाव वाचलं आणि पिशवी हातातून टाकलीच. "अहो, सोनखत म्हणजे माणसाच्या मैल्याचं खत!"

मग काय विचारता! मुख्य विश्वस्त देवव्रतशास्त्री ताडकन उठले. "राम राम राम! ये क्या मजाक है? खड्डा आजच्या आज बुजवा!" यांनी खाली पडलेली पिशवी उचलून छातीशी धरली. इतकं वाईट वाटलं मला, की यांच्यावरचा सगळा राग मी शास्त्रींवर काढला.

"शब्द चुकलाय, खत नाही! आत फुलांशिवाय काही नाही. आणि खत बाटलेलं असेल, तर त्यावरचा मोगरा उन्हाळाभर देवीला कोण वाहत होतं?"

शास्त्रीच वाहत होते. खड्डा बुजवावा, तर देवी बाटवल्याचं कबूल करावं लागणार. शेवटी तोडगा निघाला: बाग राहू द्यायची, पण खड्ड्याची शुद्धी करून. गोमूत्र, शेण, दूध, दही, तूप असं घागरभर पंचगव्य शास्त्रींनी मंत्र म्हणत स्वतःच्या हातांनी ढिगावर ओतलं. खताला याहून चांगला खुराक कुठे मिळतो?

आमच्या यांनी डोळे पुसले, हात जोडले आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "शास्त्रीबुवा, एवढ्यानं भागेल? निर्माल्य तर रोजच पडतं. दर एकादशीला शुद्धी ठेवू या ना!"