सहाव्या पावलाला डावा पाय

धाकटीला सगळे धाकटी म्हणतात, आणि ती बावन्न वर्षांची आहे. बसस्थानकाच्या प्रतीक्षागृहात फरशी पुसायला दोघी जावा होत्या. मुकादमाने हाक मारायची सोय म्हणून एकीला थोरली आणि दुसरीला धाकटी केलं, ते कायमचं चिकटलं. थोरली दीड वर्षापूर्वी वारली. आता त्या कामावर धाकटीपेक्षा जुनं कोणी नाही, पण बढती काही मिळाली नाही, हाकेतसुद्धा.

फरशी उलटं चालत पुसायची असते. ज्यांनी आयुष्यात कधी पुसली नाही त्यांना हे ठाऊक नसतं, आणि फरशीबद्दलचे सगळे हुकूम नेमके तेच लोक काढतात. सरळ चालत पुसलं तर आपल्याच चपलांचे ठसे ओल्या फरशीवर उमटतात आणि केलेलं काम आपणच मातीत घालतो. उलटं चालायचं म्हणजे पाठीमागचं दिसत नाही. मग मोजायचं.

मोजायचं कारण तिकिटाच्या तीन नंबरच्या खिडकीसमोर होतं. तिथली एक फरशी बोटभर वर आलेली होती. थोरली कामाला लागली त्या वर्षी याच फरशीला टाच अडकून बादलीसकट आडवी झाली आणि तिचं मनगट मोडलं. हात गळ्यात बांधून तिने दुरुस्तीचा अर्ज दिला. मग दुसरा दिला. थोरलीचं अक्षर थोरलीलाच लागत नसे, म्हणून अर्ज घरी धाकटी लिहायची. थोरली फक्त सांगायची आणि खाली सही ठोकायची. स्थानकप्रमुखाच्या कार्यालयात प्रत्येक अर्जावर आवक शिक्का बसला, फरशी काही बसली नाही. पाचव्या वर्षी धाकटीही कामाला आली. तोवर नऊ अर्ज झाले होते, मग थोरलीने नाद सोडला.

नाद सोडला म्हणजे उपाय काढला. भिंतीपासून निघायचं. एक, दोन मागे. तीनला पोछा डावीकडे, चारला उजवीकडे. पाचला कमरेतून वळून दांडा या हातातून त्या हातात. सहाला डावा पाय गुडघ्यापर्यंत उचलायचा, फरशी ओलांडून टाच टेकायची, आणि पुढे चालू. ती फरशी खरं तर एकाच ओळीत येत होती, पण कुठली ओळ हे लक्षात ठेवण्यापेक्षा प्रत्येक ओळीत पाय उचलणं सोपं, असं थोरलीचं मत होतं. धाकटीला तिने पहिल्याच दिवशी हेच शिकवलं. पंधरा वर्षं दोघी समोरासमोरच्या भिंतींपासून उलट्या चालत यायच्या आणि मधोमध एकमेकींच्या पाठीला पाठ टेकली की हॉल संपला असं समजायच्या. थोरली गेल्यावर हॉल धाकटीला एकटीला पुसावा लागतो. मधोमध आल्यावर ती अजून जराशी थांबते.

अशीच एकदा ती पुसत असताना गाडी चुकलेल्या एका प्रवाशाने मोबाइल काढला. पाठमोरी धाकटी, पोछा आणि सहाव्या पावलाला उचललेला पाय. त्याखाली त्याने ढोलाचा ठेका जोडला आणि ‘मागे सरक’ असं नाव देऊन सोडून दिलं. महिनाभरात सगळं गाव मागे सरकू लागलं. लग्नांत सरकले, शाळेच्या स्नेहसंमेलनात सरकले, एका बँकेचा अख्खा कर्मचारीवर्ग काउंटर बंद ठेवून सरकला. धाकटीच्या नवऱ्याने तिला मोबाइल दाखवला.

“ही तुझीच पाठ ना गं?”

“पाठ माझीये,” धाकटी म्हणाली. “पाय ताईंचाय.”

पलीकडे थोरले दीर चहा पीत बसले होते. बायको गेल्यापासून ते कामापुरतंच बोलत, आणि काम त्यांना फारसं नव्हतं. त्यांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि मोबाइल परत दिला.

इथपर्यंत सगळं मजेत होतं. मग एका करमणूक कंपनीने ‘मागे सरक’ आपल्या नावावर नोंदवून टाकलं. हा नाच आमच्या नृत्यदिग्दर्शकाने दोन वर्षांपूर्वी स्टुडिओत बसवला, स्वामित्वहक्क आमचा, आणि यापुढे जो सरकेल त्याने आधी परवानगी घ्यायची. शाळेला नोटीस गेली, बँकेला गेली. एक नोटीस बसस्थानकालाही आली. त्यात लिहिलं होतं की आपल्या प्रतीक्षागृहात आमच्या नृत्यरचनेचं सार्वजनिक सादरीकरण रोज दोन वेळा, विनापरवाना, सुमारे साडेतीनशे प्रेक्षकांसमोर होत असतं. ते साडेतीनशे प्रेक्षक गाडीची वाट बघत डुलक्या काढत असतात, हे लिहायचं राहिलं असावं.

स्थानकप्रमुखांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मुकादमाला बोलावलं आणि मुकादमाने धाकटीला.

“बाई, उद्यापासून नाचायचं नाही.”

“मी कुठं नाचते? मी पुसते.”

“पुसताना नाचायचं नाही.”

“मग पुसू कशी?”

“साधं पुसायचं. सगळं जग पुसतं तसं.”

धाकटीने जगासारखं पुसून बघितलं. पहिल्या दिवशी ती सरळ चालत गेली. हॉलभर तिच्या चपलांची नक्षी उठली, आणि स्थानकप्रमुखांनी ती नक्षी मुकादमाला हात धरून दाखवली. दुसऱ्या दिवशी ती उलटीच चालली, पण पाय न उचलता. तिसऱ्या ओळीत टाच अडकली आणि ती थेट बादलीत बसली. हाड शाबूत राहिलं. साडेतीनशे प्रेक्षकांपैकी काही त्या दिवशी पहिल्यांदाच जागे झाले.

मुकादम तसा वाईट माणूस नव्हता, फक्त त्याच्या डोक्यावर चार माणसं होती आणि ती सगळी घाबरलेली होती. त्याने सरळ सांगितलं, “नोटिशीला आपण हरकत घेतलीय, पुढच्या आठवड्यात स्वामित्वहक्काच्या नोंदणी कार्यालयात सुनावणी आहे. तिथं निकाल कंपनीच्या बाजूने लागला तर तुम्हाला हॉलवर ठेवता येणार नाही. वर कार्यालयात फरशी पुसायचं मशीन आलंय, तिथंही जागा नाही. खाली मी दुसरं माणूस घेईन. वाईट वाटून घेऊ नका.” धाकटीने वाईट वाटून घेतलं. गुडघे आणि कंबर त्या सहा पावलांवर चालत होती. दुसरीकडे कुठे तिला कोणी घेतलं नसतं. आणि तो हॉल सोडला तर ताईंची म्हणून रोज भेटणारी जागा तिला दुसरी नव्हती.

सुनावणीच्या दोन दिवस आधी स्थानकाचे वकील स्वतः हॉलमध्ये आले. हुशार माणूस. त्यांनी कागद आणला होता, पेन उघडूनच आणलं होतं.

“सही करा. फक्त एवढंच लिहिलंय की ही नृत्यरचना तुम्ही स्वतः, कामाच्या वेळेत, स्थानकाच्या जागेत केली. कामाच्या वेळेत केलेली गोष्ट मालकाची असते, म्हणजे ती स्थानकाची झाली. कंपनीचा प्रश्न मिटला. तुम्हीही मग खुशाल पुसा, कोणी अडवणार नाही.”

धाकटीने कागद वरपासून खालपर्यंत वाचला. थोरलीचे नऊ अर्ज लिहिल्यामुळे तिला कागद वाचायची सवय होती.

“हे मी स्वतः नाही केलेलं. जाऊबाईंनी केलंय.”

“त्या आता नाहीत ना?”

“नाहीत म्हणून त्यांचा पाय माझा कसा होईल?”

वकिलांनी पेन मिटलं. सही नसेल तर स्थानकाला तुमच्या बाजूने उभं राहता येणार नाही, हे त्यांनी फार सौम्य शब्दांत सांगितलं.

त्या संध्याकाळी ती घरी येऊन जेवायला वाढू लागली आणि मध्येच रडायला लागली. काय झालं ते तिने नवऱ्याला सांगितलं. “सही केली असती तर नोकरी राहिली असती. पण मला हातच उचलेना हो. ताईंनी मनगट मोडून घेतलं आणि मी वर लिहू, माझं म्हणून?” थोरले दीर ताटावरून उठले, माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

“हिने एकही कागद टाकला नव्हता,” ते म्हणाले. त्या महिन्यातलं ते त्यांचं सर्वांत लांब वाक्य होतं.

नोंदणी कार्यालय तिसऱ्या मजल्यावर, एका अरुंद खोलीत होतं. टेबलामागे अधिकारी बाई, बाजूला लिपिक, समोर कंपनीचे वकील आणि त्यांचा नृत्यदिग्दर्शक. तरणाबांड मुलगा, गुडघे बघावेत असे. स्थानकाचे वकील मागच्या खुर्चीत दुसरंच काहीतरी वाचत होते. अधिकारी बाईंनी मुलाला नाच करून दाखवायला सांगितला. त्याने दाखवला, आणि धाकटीच्या मनात आलं, याने पोछा धरला असता तर हॉल अर्ध्या तासात झाला असता.

“सहाव्या पावलाला पाय का उचलता?” बाईंनी विचारलं.

“ती मुक्तीची अभिव्यक्ती आहे, मॅडम. माणूस बंधनं ओलांडतो.”

लिपिकाने ‘बंधनं’ असं लिहून घेतलं.

“आणि डावाच का? सहालाच का?”

मुलाने छातीला हात लावला. “ते आतून येतं.”

बाई धाकटीकडे वळल्या. “तुम्ही का उचलता?”

“फरशी वर आलीये.”

“कुठं?”

“तीन नंबरच्या खिडकीसमोर. भिंतीपासून मोजून सहा पावलं. उलटं चालताना ती डाव्या टाचेला येते.”

कंपनीचे वकील हसले आणि म्हणाले की हे आता कोणीही सांगेल, व्हिडिओ बघून सांगेल, काही पुरावा आहे का. धाकटीने पिशवीतून डबा काढला आणि नऊच्या नऊ अर्जांच्या पोच म्हणून मिळालेल्या प्रती टेबलावर मांडल्या. प्रत्येकीवर स्थानकाचा शिक्का, तारखेसकट. स्थानकाच्या वकिलांचं वाचन थांबलं. बाईंनी पहिले आठ चाळले आणि नववा लिपिकाला मोठ्याने वाचायला दिला. तो सतरा वर्षांपूर्वीचा होता.

“‘मा. स्थानकप्रमुख यांस. विषय: फरशीचे अर्ज बंद करण्याबाबत. वरील फरशी आपण बसवली नाही तरी आता चालेल. एक दोन मागे, तीन डावीकडे, चार उजवीकडे, पाचला वळून सहाव्या पावलाला डावा पाय उचलला की काम होते. माझ्या जावेला नीट शिकवले आहे, तिला लागणार नाही. तरी आपण काळजी करू नये.’”

नृत्यदिग्दर्शक मुलगा खाली बघत मनातल्या मनात पावलं मोजत होता. ती बरोबर येत होती. धाकटीने हा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला होता आणि साफ विसरली होती. ‘तिला लागणार नाही’ हे वाक्य तिने तेव्हा लिहिलं होतं, ऐकलं आज. तिने पदर तोंडाला लावला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

“अर्जदाराचं नाव सांगा,” बाई म्हणाल्या.

धाकटीने ताईंचं पूर्ण नाव सांगितलं. इतक्या वर्षांत ते तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. लिपिकाने ते दोनदा विचारून नीट लिहिलं.

निकाल आठवड्याने आला. कंपनीची नोंदणी रद्द. वर आलेली फरशी टाळण्यासाठी पाय उचलणं ही काम करताना घेतलेली खबरदारी आहे, नृत्य नव्हे; सबब त्यावर कंपनीची, स्थानकाची किंवा कोणाचीही मालकी नाही. शाळा पुन्हा सरकायला मोकळ्या झाल्या, पण तोवर लोकांना कंटाळा आला होता. निकालाची एक प्रत स्थानकात आली, आणि एका सरकारी कागदावर आपल्या फरशीचा अकरा वेळा उल्लेख आहे हे बघून स्थानकप्रमुखांनी त्याच दुपारी गवंडी बोलावला. बावीस वर्षं वर आलेली फरशी पाऊण तासात खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी आली. तिने चपलेच्या टोकाने फरशी चाचपली. गुळगुळीत, शेजारणीच्या बरोबरीने. तिने भिंतीला पाठ लावली आणि निघाली. एक, दोन मागे. तीन डावीकडे. चार उजवीकडे. पाचला वळली. सहाला डावा पाय गुडघ्यापर्यंत वर गेला, हवेत क्षणभर राहिला आणि टाच सपाट जमिनीवर टेकली.

मुकादम खांबाला टेकून बघत होता. “फरशी बसली की, बाई. आता कशाला उचलता?”

धाकटीने पोछा पिळला.

“आता नाचते,” ती म्हणाली, आणि पुढची ओळ धरली.