एकटी घंटा आणि कर्नलचं घड्याळ

"माझी सून निरोप घेते," असं मी एकदा शेजारणीला सांगितलं, तर ती मटकन खालीच बसली. "अगं बाई! कुठे चालली? भांडलात की काय?" आता काय सांगू कप्पाळ! सून कुठेही चालली नव्हती. आतल्या खोलीत बसून संगणकावर निरोप घेत होती. तिचं पोटापाण्याचं कामच ते. यंत्रं एकमेकांना निरोप धाडतात, ते पोचवायचं हिनं बघायचं. माझा मुलगा तिला पोस्टमास्तरीण म्हणतो.

बाई स्वभावानं एका खेपेत सगळं उरकणारी. लग्न होऊन आली तेव्हापासून बघते, एका कपासाठी नळ सोडणार नाही. कप साठू देईल आणि एका दमात सगळे विसळून पालथे घालेल. "आई, फेरी तीच, मग हात रिकामे कशाला जायचे?" मी आधी ह्याला आळस म्हणायची. पुढे कळलं, ह्याच गुणाचा तिला पगार मिळतो.

झालं असं, की एका इस्पितळातल्या वॉर्डात हिची घंटा बसवली. खाटेशी बटण असतं. पेशंटनं दाबलं की बटणावर लाल दिवा लागतो, निरोप निघतो आणि सिस्टरच्या टेबलावर घंटा वाजते. सिस्टर येऊन दिवा विझवेपर्यंत बटण परत चालत नाही. मधला सगळा प्रोग्रॅम हिचा. निरोप येतात ते सॉकेटवर. मी भिंतीकडे बघितलं, तर म्हणाली, "ते नव्हे हो आई, हे निरोपांचं दार." त्या दारातून प्रोग्रॅमला स्वतः काही उचलता येत नाही, कर्नलकडे मागावं लागतं. कर्नल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे झुबकेदार मिशाच आल्या. पण हा कर्नल संगणकाच्या मुळाशी बसतो म्हणे, आणि त्याला मिशा नसतात.

दर निरोपाला त्याला हाक मारण्यात वेळ जातो. पुढे ही घंटा अख्ख्या इस्पितळाला लावायची होती, म्हणून हिनं आपल्या स्वभावाला धरून सोय केली. दाराशी चाहूल लागली की कर्नलला एकच हाक मारायची आणि सांगायचं, "मूठभर निरोप घेऊन ये. मूठ भरली नाही, तर सेकंदभर थांब आणि असतील तेवढे आण."

एके दिवशी वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरचा फोन आला. एवढा खणखणीत आवाज, की मला स्वयंपाकघरात ऐकू आला. "ताई, तुमच्या घंटेला एकटीला भीती वाटते का हो? सकाळच्या गडबडीत मेली कान किटवते, आणि दुपारी वॉर्ड निजला की मुकी! काल एका म्हातारीनं बटण दाबलं. दिवा लागला, म्हणून बिचारी वाट बघत बसली. शेवटी स्वतःच उठायला गेली. आयाबाईनं धरलं म्हणून वाचली. मी सोमवारी माणूस बोलावलाय. जुन्या घंटा परत बसवणार."

सुनेचं वर्षभराचं काम पाण्यात जाणार होतं. पण तिला जास्त लागलं ते त्या म्हातारीचं. घरी बसून तिनं निरोपांचा नुसता पाऊस पाडला, तर घंटा आपली एकीमागून एक वाजतेय. मुलगा म्हणाला, "चालतंय की!"

"इथं चालतंय. तिथं नाही."

"मग इस्पितळच उचलून इथं आणू या."

तिनं नुसतं बघितलं. तो न सांगता भाजी आणायला गेला.

रविवारी दुपारी ती इस्पितळात निघाली. बटण दाबायला कुणीतरी हवं होतं. नवऱ्याला नेलं तर बटणाआधी त्याचं तोंड चालणार, म्हणून मला नेलं. मला एका रिकाम्या खाटेवर चढवलं. खाट कसली, माडीच ती! सून टेबलाशी संगणक उघडून बसली. मी बटण दाबलं. लाल दिवा लागला. टेबलावर चिडीचूप. सिस्टरनं हाताची घडी घातली. "बघा."

सून पडद्याकडे टक लावून बसली. तेवढ्यात खिडकीपाशच्या खाटेवरच्या बाईनं पाणी मागायला बटण दाबलं, आणि दोन्ही घंटा एकदम वाजल्या. तिची आणि माझी.

"हे असं," सिस्टर म्हणाली. "जोडीनंच."

"जोडीनं..." सून पुटपुटली. मग तिनं त्या हाकेची माहिती असलेलं पान उघडलं आणि सरकवत सरकवत पार तळाशी गेली. तिथं त्या हाकेच्या खोडी लिहिलेल्या असतात. बघता बघता हिनं कपाळावर हात मारला.

"आई, लिहिलंय हो इथं! कर्नल घड्याळ बघतो, पण निरोप हातात पडला तरच बघतो. पहिला पडतो तेव्हा सेकंद कुठे संपलेला असतो? मग तो दुसऱ्याची वाट बघतो, आणि दुसरा येईपर्यंत घड्याळाकडे ढुंकून बघत नाही. स्टँडवरच्या जीपवाल्यासारखं. पाच मिनिटांत सोडतो म्हणतो, आणि घड्याळ बघतो नवा माणूस चढला की. कुणी चढलंच नाही तर?"

"तर पहिला बसला उन्हात," मी म्हटलं. "तुझा कर्नल गधडाच दिसतो."

"तो आहे तसाच लिहिलाय. मीच तळापर्यंत वाचलं नव्हतं."

तिनं प्रोग्रॅममध्ये एक शब्द घातला. अर्थ एवढाच, की एक निरोप हाती लागला की पुढच्यासाठी थांबायचं नाही, दाराशी आणखी उभे असतील तर घ्यायचे, नाहीतर निघायचं. सिस्टरनं माझा दिवा विझवला. वॉर्ड पेंगत होता. मी दाबलं.

घंटा वाजली. एकटी.

परत विझवला, परत दाबलं. वाजली. सिस्टरनं स्वतः दुसऱ्या खाटेवर जाऊन दाबून बघितलं, मग तिसऱ्या. वाजायची थांबेना. पेशंट वैतागले. "काय आग लागलीय का?" कुणीतरी ओरडलं, आणि सुनेला इतकं हसू आलं, की हसता हसता डोळे पुसायला लागली.

सिस्टरनं सगळे दिवे विझवले आणि फोन लावला. "उद्या येऊ नका. घंटा राहू दे." मग सुनेला म्हणाली, "चला, चहा घेऊ. तुमचा चेहरा बघवत नाही." दोघी गेल्या की बोलत बोलत टेबलापलीकडे! कर्नलच्या आनंदात खाटेवर बसवलेल्या मला म्हातारीला सगळे विसरले. पाय लोंबकळत ठेवून मी खाली बघितलं. जमीन लांब होती.

बटण होतंच हाताशी. दाबलं.

सिस्टर कप तसाच ठेवून धावत आली. "आता काय झालं? तपासणी संपली ना?"

"तपासणी नाही गं," मी म्हटलं. "मला खाली उतरव."