फुवांची हरणी

घोड्याची बाजू घेऊन माणसांशी भांडावं ते माझ्या फुवांनीच. अख्ख्या खान्देशात या कामी त्यांना जोड नव्हती. फुवा म्हणजे आत्याचे यजमान. धुळ्याजवळच्या खेड्यात त्यांची थोडी शेती होती, पण जीव सगळा टांग्यात आणि हरणी नावाच्या घोडीत. धुळ्यात एसटीतून उतरले की टांग्यात बसण्याआधी ते घोड्याच्या मानेवरून हात फिरवून जखम शोधत. सापडली की टांगेवाल्याची खरडपट्टी आणि सामान डोक्यावर घेऊन पायी वाटचाल. आपल्या टांग्याला चढ लागला की ते सगळ्यांना खाली उतरवत. एकदा नव्या नवरीलाही शालूसकट उतरवलं आणि वर म्हणाले, "चाल बेटा, सासरले पायी गयं म्हंजे पाय घट्ट ऱ्हातस."

एवढं असून शर्यतीचं वेड त्यांच्याइतकं कुणालाच नव्हतं. ऐंशीच्या दशकात गावच्या यात्रेत टांगे पळत, आणि घोड्यांच्या पाठी चाबकाने सोलून निघत. धुळ्याच्या कॉलेजातले एक प्राध्यापक एका वर्षी म्हणाले, शर्यतच बंद करा. यात्रेचे पुढारी नाना म्हणाले, चाबकाशिवाय शर्यत कसली? फुवा चावडीवर दोघांशीही भांडले. प्राध्यापकांना म्हणाले, "शर्यत बंद व्हयनी तं घोडा पोसी कोन, साहेब?" आणि नानांकडे वळून, "घोडाले पयाले चाबूक कसाले लागस? मी बिनाचाबूकना पहिला यी दाखाडस!"

"पुढल्या यात्रेत पहिला आलास, तर त्यानंतर चाबूक बंद," नानांनी भर चावडीत शब्द दिला.

मग वर्षभर फुवा रोज पहाटे हरणीला नदीच्या वाळूत पळवू लागले. हातात काही नाही, तोंडाने नुसतं "चाल वं मन्ही माय!" आत्या फणकारायची, "माले इतली गोड हाक कधी मारी नही!"

शर्यतीच्या दिवशी हरणी वाऱ्यासारखी सुटली. नानांचा टांगा मागे पडला. झेंडा समोर दिसू लागला, लोक टोप्या उडवू लागले, आणि फुवांनी एकदम लगाम खेचला. हरणी पुढचा पाय किंचित चोरत होती. ते त्यांच्याखेरीज कुणाला दिसलंही नव्हतं. "हाका, हाका!" आम्ही घसा फोडून ओरडत होतो. फुवा शांतपणे खाली उतरले, तिचा खूर मांडीवर घेतला आणि रुतलेला खडा काढू लागले. शेजारून नानांचा टांगा निघून गेला.

"फुवा, एवढंसं तर राहिलं होतं! चाबूक कायमचा बंद झाला असता," मी रडकुंडीला येऊन म्हणालो.

"हिले दुखाडीसन चाबूक बंद करू?" ते म्हणाले. "मंग मन्हामा आन् चाबूकमा फरक काय?"

संध्याकाळी नाना घरी आले. गुलाल अजून कपाळावर होता. हरणीच्या पायाशी उकिडवे बसले, खूर पाहिला, चहा न घेताच गेले. पण पुढल्या यात्रेत ते रिकाम्या हाताने टांग्यावर चढले, आणि पुढारीच रिकाम्या हाताने म्हटल्यावर बाकीच्यांनीही आपापले चाबूक खाली ठेवले.

तशा शर्यती चार-दोन वर्षंच झाल्या. रिक्षा आल्या, टांगे मोडीत निघाले, घोडे कुठेकुठे विकले गेले. हरणी मात्र फुवांच्या दारातच म्हातारी होऊन गेली. नंतर एकदा मी त्यांच्यासोबत शर्यतीच्या मैदानावरून चाललो होतो. ते मध्येच थांबले.

"इतलं गवत वाढनं रे," ते म्हणाले, "आन् खावाले कोनी नही."