मुदत संपलेल्या गोळ्या

दिवाळीच्या साफसफाईत सासूबाई चष्मा लावून औषधांचा डबा उपसतात. आज त्यांनी मुदत संपलेलं प्रत्येक औषध बाहेर काढलं, फक्त माझ्या घबराटीवरच्या गोळ्या परत डब्यात ठेवल्या.

"आई, त्यांचीही मुदत संपलीय, दोन वर्षं झाली," मी म्हणाले.

"असू दे गं. तुला कुठे काही झालंय? मनाचे खेळ सगळे."

ताप थर्मामीटरवर दिसतो, म्हणून त्याचं औषध ताजं लागतं. माझी भीती कशावरच दिसत नाही.

दुपारी छाती धडधडू लागली, हात गार पडले. ओट्याला धरून मी श्वास मोजत राहिले आणि शेवटी त्यातलीच एक गोळी गिळली.

शेजारी सासूबाई खोकल्याचं औषध मोरीत ओतत होत्या. "महिनाच झालाय मुदत संपून," त्या म्हणाल्या, "पण चुकून घरातल्या कुणाच्या पोटात जायला नको."