कॅलेंडरच्या पाठीवरची ओळ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ, सुमतीजवळ तर नाहीच — आणि खरं म्हणजे तिच्याजवळच बोलायला हवं होतं. परवा वाचनालयात विषय निघाला, मनात येईल ते लिहून ठेवावं का? सगळे म्हणाले, अवश्य. मी तेवढा चहा पीत राहिलो.

मीही लिहायचो ना. लेखक वगैरे नव्हे — अंधेरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. पण आपल्या मनात काहीतरी थोर चालतं, असा माझा समज. कॅलेंडरचं पान फाटलं की त्याच्या कोऱ्या पाठीवर मी दोन-चार ओळी खरडायचो आणि ते पान गादीखाली सारायचो. घरची पत्रं मात्र सुमती लिहायची. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! गावी आबांना, माझ्या वडिलांना, दर पंधरवड्याला तिचं पत्र जायचं. खाली नाव माझं — 'आपला वसंत'.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आबांची गिरणी बंद पडली तेव्हा ते आणि आई गावी गेले. मग आई वारली आणि आबा आमच्याकडे मालाडला आले. दहा बाय बाराची खोली, आम्ही दोघं, दोन मुली, त्यात आबा आणि त्यांचा खोकला. एका रविवारी दुपारी माझा डोळा लागेना. मी उठलो आणि लिहिलं — 'म्हातारा गावी गेला तर घरात श्वास तरी घेता येईल.'

संध्याकाळी मीच त्यांच्यासाठी मोसंबी आणली. विचार कधीच निघून गेला होता. कागद कुठे जाणार?

दसऱ्याच्या आधी आबा फळ्यांवर नवे कागद घालायचे. कडेला कात्रीने झालर कापायचे, त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या दिवशी कागद शोधताना त्यांनी गादी उचलली. सुमती मुलींना घेऊन बाजारात गेलेली. मी आत आलो तेव्हा आबा त्या ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत होते.

"ह्या सुमतीचा अक्षर मां रे?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "तुझा मी वळाखतंय. इतकी वर्षां तुझी पत्रां वाचलंय."

कळलं ना तुम्हाला? आबांच्या लेखी पत्रांतलं सुंदर अक्षर माझं. मग हे वेडंवाकडं, ते तिचं.

नाही म्हणायला किती वेळ लागतो? मी दाराशी चप्पल काढत उभा होतो. ती काढायला मी फार वेळ लावला — आणि काहीच बोललो नाही. आबांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "तिका काय बोला नको," एवढंच म्हणाले.

त्यानंतर ते पाणीसुद्धा स्वतः उठून घेत. सुमतीने ताट वाढलं की मान खाली. ती मला विचारायची, माझं काही चुकलं का हो? मी म्हणायचो, वय झालंय त्यांचं. आठवड्याभरात भातकापणीचं निमित्त करून आबा एसटीत बसले. ते पुन्हा आले नाहीत. दोन वर्षांनी गेले.

मधल्या काळात सुमतीने एक पत्र लिहिलं, नेहमीप्रमाणे माझ्या नावाने. 'सुमतीचं काही चुकलं असेल तर पोटात घाला, ती रोज तुमची आठवण काढते.' मला वाचून दाखवलं, मी बरं म्हटलं. आबांचं उत्तर आलं. तेही तिनेच मोठ्याने वाचलं — 'तू बायकोसाठी रदबदली करतोस, तुझा स्वभावच तसा. मला राग नाही. पण तिच्या मनातलं मी वाचलंय, आता येववत नाही. तू मात्र लिहीत जा. तुझं अक्षर बघितलं की जिवाला बरं वाटतं.'

सुमतीने पत्राची घडी घातली. मग पदराने डोळे पुसले आणि हसली.

"बघा हो," ती म्हणाली, "अक्षर माझं, आणि कौतुक तुमचं."

मीही हसलो.