अण्णा, मी आणि गाडीची बिनचावीची चावी

गाडी घेऊन सात महिने झाले. किलोमीटर फारसे झालेले नाहीत, पण किस्से इतके साठलेत की डिकीत मावणार नाहीत! आणि एकही किस्सा गाडीचा नाही, सगळे तिच्या चावीचे.

चावी म्हणजे काय, तर एक काळी गुळगुळीत डबी. ती खिशात असली की पुरे. दाराचं हँडल ओढलं की गाडी आपोआप उघडते. दाखवताना शोरूमवाला म्हणाला, "मॅडम, टेन्शनच नाही!" त्याला आमच्या घरी आठवडाभर ठेवून घ्यायला हवं होतं.

इलेक्ट्रिक गाडी घेतली ती सासऱ्यांसाठी, म्हणजे अण्णांसाठी. मंगळवार, गुरुवार, शनिवार परळला त्यांचं डायलिसिस असतं. नायगावहून परळ एवढं जवळचं भाडं म्हटलं की टॅक्सीवाले मान फिरवतात. पावणेनऊपर्यंत पोचलो नाही तर बेड दुसऱ्याला जातो. एकदा असाच दिवस चुकला आणि अण्णा दोन दिवस आयसीयूत होते. तेव्हापासून या तीन वारी सकाळी मला एकच धास्ती असते. ऐन वेळी गाडी उघडलीच नाही तर?

पण पहिल्याच आठवड्यात प्रॉब्लेम उलटा निघाला. गाडी बंदच होईना!

अण्णा गिरणीतले. चाळीत राहायचे तेव्हा खोलीला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, मगच जिना उतरायचा, ही चाळीस वर्षांची सवय. त्यांनी गाडी लॉक केली, चावी हौसेने स्वतःच्या खिशात ठेवली आणि हँडल ओढलं. चावी खिशात, त्यामुळे गाडी उघडली.

"गो विद्या, उघडीच आसा!"

मी परत लॉक केली. अण्णांनी परत ओढली. परत उघडली. पाचव्या खेपेला वॉचमन मदतीला आला. तोही म्हणाला, "लॉक खराब आहे मॅडम, कंपनीत दाखवा."

शेवटी मी चावी घेऊन लांबच्या खांबाजवळ जाऊन उभी राहिले. अण्णांनी एकदा, दोनदा, तीनदा ओढली. नाही उघडली. "आता झाला," म्हणाले आणि लिफ्टकडे निघाले. आजही गाडी लावली की मी आधी खांबाजवळ जाऊन उभी राहते. शेजाऱ्यांना वाटतं, सासऱ्यांशी माझं पटत नाही.

मग प्रशांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कुठलासा व्हिडिओ पाहिला. चोर म्हणे घराबाहेर उभे राहून चावीचा सिग्नल पकडतात! उपाय काय, तर चावी फॉइलमध्ये गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवायची. सासूबाईंनी ते मनावर घेतलं. घरात फॉइल होतंच, स्टीलचे डबे तर विचारूच नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रशांतचा ऑफिसातून फोन आला. "अगं, आज चपातीबरोबर गाडी दिलीयेस!"

सगळे हसले. मी कॅलेंडर बघितलं. नशिबाने बुधवार होता.

एकदा तर हॉस्पिटलच्या गेटवरच घामाघूम झाले. अण्णांना उतरवलं, वॉर्डातल्या सिस्टर त्यांना वर घेऊन गेल्या. मी गाडी पुढे घेते तर स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं, चावी सापडत नाही. सापडेल कशी? ती अण्णांच्या शर्टाच्या खिशात, आणि अण्णा चार तास मशीनवर! आता गाडी चालू होती तोवर ठीक, एकदा बंद केली की संपलं. मागे ॲम्ब्युलन्स येऊन थांबलेली.

गार्ड धावत आला. "मॅडम, गाडी पुढे घ्या, तिथे लावा आणि बंद करा."

"पुढे घेते, पण बंद नाही करू शकत. परत चालू होणार नाही!"

त्याने बॉनेटला कान लावला. मग माझ्याकडे बघून अगदी समजुतीने म्हणाला, "मॅडम, चालू कुठे आहे?"

गार्डने वर निरोप दिला. सिस्टरनी अण्णांचा खिसा तपासून चावी खाली पाठवली, तोवर मी गाडी पुढे घेऊन स्टिअरिंग धरून बसले होते. त्या दिवसापासून चावी फक्त माझ्याकडे असते. घरी आले की दाराजवळच्या खुंटीवर.

गेल्या महिन्यात, मंगळवारी सकाळी आठ वाजता, खुंटी रिकामी होती.

दुसरी चावी प्रशांतच्या बॅगेत आणि प्रशांत नाशिकला. मी पर्स तीनदा उलटी केली. सासूबाईंनी फॉइल, डबे, फ्रिज, देव्हारा, सगळं धुंडाळलं. मी गादी उचलली, कपड्यांची बादली उपसली. सव्वाआठ झाले. मला रडूच आलं.

अण्णा कॉटवर बसून आमची धावपळ बघत होते. म्हणाले, "आज ऱ्हवांदे गो. एक दिवस काय होता?"

"काय होता?" मी ओरडलेच. लग्नाच्या सात वर्षांत अण्णांवर पहिल्यांदा ओरडले. "आयसीयू विसरलात? चला, टॅक्सी बघू!"

अण्णांनी सदरा नीट केला आणि ते उठले. दंडाखालच्या सुयांच्या गाठींवर सवयीने हात फिरवला. माझा जीव गलबलला, पण घड्याळात आठ पंचवीस झाले होते.

लिफ्टने खाली आलो. गेटकडे जायचा रस्ता आमच्या गाडीवरूनच जातो. सासूबाई पुढे, हातात फक्त अण्णांची फाइल. मागे अण्णांचा हात धरून मी, खांद्याला ती उलटीपालटी केलेली पर्स.

चावी दोन पावलांवर आली की ही गाडी आपण होऊन दिवे लावते आणि मिटलेले आरसे उघडते. शोरूमवाल्याने ते अगदी कौतुकाने दाखवलं होतं.

आम्ही तिघं गाडीजवळून गेलो आणि तिचे दिवे लागले. मग दोन्ही आरसे सावकाश उघडले.

सासूबाई थांबल्या. मी थांबले. आम्ही दोघींनी अण्णांकडे बघितलं.

अण्णा गाडीकडे बघत होते.

मग त्यांनी माझा हात सोडवला, पुढचं दार स्वतःच उघडलं, आत बसले, पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाले, "चल गो. बेड दुसऱ्याक जायत."