कुलूपकाकांचं शेवटचं कुलूप

बिस्किटांच्या त्या कारखान्यात कुलूपकाकांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बाकी सगळ्यांसाठी ते कुलूपकाका, मशीन दुरुस्त करणारे फिटर. एकतीस वर्षं त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला एक किल्ली लोंबत होती. आंघोळीलासुद्धा ती उतरत नसे. बायको म्हणायची, "माझ्यापेक्षा तीच जास्त वेळ यांच्या छातीशी असते. मी काही बोलते का? बोलते, पण ऐकतं कोण?"

ती किल्ली एका लाल कुलपाची. मशीनमध्ये हात घालण्याआधी काका मेन स्विच बंद करत, त्याला ते कुलूप लावत आणि वर एक पाटी अडकवत. पाटीवर काकांचा झुपकेदार मिशांचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'मी आत आहे. चालू करू नका.' एवढ्यावर भागत नसे. मग चालू करायचं बटण मुद्दाम दाबून बघायचं, मशीन खरंच गप्प आहे ना. मग नळ्यांत कोंडलेली हवा फुस्स करून सोडून द्यायची. मग पीठ मळायचं ते भलंमोठं भांडं वर उचललेलं असेल तर त्याखाली लोखंडी टेकू द्यायचा, कारण वीज बंद केली म्हणून वजन खाली यायचं विसरत नाही. हे होईपर्यंत मॅनेजरसाहेबांचा जीव टांगणीला लागलेला असे.

"काका, पाच मिनिटांचं काम आणि पंधरा मिनिटांचे नखरे," ते म्हणत.

"पाच मिनिटांतही उरकतो साहेब," काका म्हणत. "फक्त माझ्याऐवजी तुमचा हात आत घाला."

साहेब दोन्ही हात खिशात घालून ऑफिसात निघून जात.

या नखऱ्यांमागे एक गोष्ट होती आणि ती काकांनी कधी लपवली नाही. त्यांना काम शिकवणारे वस्ताद एकदा पीठ मळायच्या मशीनमध्ये अडकलेली पट्टी सोडवत होते. बाहेरून कोणीतरी बटण दाबलं. वस्तादांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. बटण दाबणारे खुद्द काकाच, तेव्हा ते अजून कोणाचेच काका नव्हते. "मला वाटलं आत कोणी नाही," एवढंच ते तेव्हा बोलू शकले. वस्तादांनी त्यांना माफ केलं, डाव्या हातानं चहाही पाजला. पण त्या एका वाक्याची काकांना जन्माची अद्दल घडली. पुढच्याच महिन्यात त्यांनी लाल कुलूप आणलं. त्याच्याबरोबर आलेली दुसरी किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि हातोड्यानं चपटी केली. टेबलावर पडलेला पोचा अजून आहे.

घरात तर काकांनी उच्छाद मांडला होता. पंखा पुसायचा झाला की फ्यूज काढून खिशात. एकदा तो खिशातच राहिला आणि काका कामावर गेले, घर दिवसभर अंधारात. मिक्सरचं भांडं धुवायचं तर प्लग काढून तो आधी काकांना दाखवायचा. कुकर उघडण्याआधी शिटी उचलून बघायची, वाफ राहिली नाही ना. लग्न ठरवायच्या वेळी मुलीनं नवऱ्यामुलाला आधी ही शिटीची परीक्षा द्यायला लावली होती. तो पास झाला आणि काकांनी लगेच होकार दिला, त्याची नोकरी कुठे आहे हेही विचारलं नाही.

असे हे काका निवृत्त व्हायला आले. त्यांच्या जागी आली होती एक फिटरबाई, तिशीची, कामाला चोख, पण मूग गिळून राहणारी. काका सहा महिने तिला शिकवत होते. कुलूप ज्याचं, त्यानंच काढायचं. फोनवर परवानगी चालत नाही, समोर माणूस पाहिजे. आणि कुलूप काढण्याआधी मशीनभोवती पूर्ण फेरी मारायची, आत डोकावायचं आणि खोलीतली माणसं मोजायची. हे नियम काकांनी भिंतीवर रंगवून घेतले होते. ती सगळ्याला मान हलवायची, पण एक शंका विचारेल तर शपथ. शेवटच्या दिवशी काकांनी न राहवून विचारलं, "माझ्यामागं हे सगळं चालू ठेवशील ना गं?"

"बघू," ती म्हणाली.

हा 'बघू' काकांच्या मनातून जाईना. आपण गेलो की कुलूप भंगारात आणि मशीन पुन्हा पाच मिनिटांत दुरुस्त, असं त्यांना दिसायला लागलं. एकतीस वर्षांची मेहनत एका 'बघू'वर येऊन टेकली होती.

त्याच तंद्रीत त्यांनी पीठ मळायच्या मशीनचं झिजलेलं रबरी सील बदललं. हत्यारं मोजून पेटीत ठेवली. तेवढ्यात साहेबांनी दंडाला धरून त्यांना निरोप समारंभाला ओढून नेलं. भाषणं झाली, भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं, पॅकिंगमधल्या बायका रडल्या. काकाही रडले आणि घरी आले. आल्याआल्या बायकोच्या हट्टापायी मिशी काढून टाकली. नवीन आयुष्य सुरू करायचं तर नवीन तोंडानं कर, असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला दोघं बसस्टँडवर होते. बायकोच्या थोरल्या बहिणीकडे आठ दिवस राहायला जायचं होतं. हा बेत अकरा वर्षं जुना. दरवेळी ऐन वेळी काहीतरी मोडायचं आणि काका कारखान्यात पळायचे. म्हणून बायकोनं आधीच बजावून ठेवलं होतं, या वेळी मशीन मध्ये आलं तर मी एकटी जाईन आणि परत यायचं की नाही ते तिथं बसून ठरवीन.

नऊची बस लागली आणि काकांचा फोन वाजला. साहेब होते.

"काका, तुमचं कुलूप मशीनलाच आहे. सगळे हात बांधून बसलेत."

काकांचा हात छातीकडे गेला. किल्ली तिथं होतीच. रोज असते तशीच, म्हणून तर लक्षात आलं नव्हतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ते कुलूप विसरून आले होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी मोठी कात्री आणून ठेवलीय," साहेब म्हणाले. "तुम्ही फक्त हो म्हणा, कापून टाकतो. कामही पूर्ण झालंय ना?"

काकांनी बायकोकडे पाहिलं. तिनं एक पाय बसच्या पायरीवर ठेवला होता. काका खाली मान घालून म्हणाले, "हो. काम झालंय. आत कोणी नाही. कापा..."

"काका," फोनमधून दुसराच आवाज आला. फिटरबाईनं साहेबांच्या हातून फोन घेतला होता. "फोनवर चालत नाही."

"अगं, मीच सांगतोय ना."

"आवाज कोणाचाही असू शकतो. तुम्हीच म्हणाला होता. समोर माणूस पाहिजे. तुम्ही या, तोवर मी कात्रीवर बसलेय."

मागून साहेब ओरडत होते, ती खरोखरच कात्रीवर बसली असल्याचं त्यांच्या ओरडण्यावरून कळत होतं. काकांचा एकीकडे ऊर भरून आला होता, दुसरीकडे बस निघायच्या बेतात होती.

बायकोनं पायरीवरचा पाय खाली घेतला. फोनमधलं सगळं तिला ऐकू गेलं होतं. "चला," ती म्हणाली. "पुढची बस एकला आहे. मलाही एकदा बघू दे ती सवत कशी दिसते."

कारखान्याच्या गेटवर वॉचमननं, जो एकतीस वर्षं काकांना सलाम ठोकत होता, वही पुढे केली. "पाहुणे म्हणून सही करा काका. नियम आहे." काकांनी सही केली. बायकोनंही केली. दोघांच्या गळ्यात पाहुण्यांच्या पट्ट्या आल्या.

मशीनपाशी फिटरबाई कात्रीवरून उठली. तिनं पाटीवरचा फोटो बघितला, मग काकांचं तोंड बघितलं.

"फोटोत मिशी आहे," ती म्हणाली.

"काल काढली."

"कोणी ओळखतं का यांना?" तिनं गंभीरपणे सगळ्यांना विचारलं. पॅकिंगमधल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. साहेबांनी कपाळावर हात मारला आणि ओळखतो म्हणून सांगितलं.

काकांनी दोरा गळ्यातून काढला आणि किल्ली कुलपात घातली. बस एकची होती, खोलीभर माणसं ताटकळली होती आणि काम त्यांनी स्वतःच्या हातानं पूर्ण केलं होतं.

"फेरी," फिटरबाई म्हणाली.

"अगं, झालीय काल. आत कोणी नाही, मला माहीत आहे."

"फेरी, काका."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. काका कुरकुरत निघाले. आपलाच नियम आपल्यालाच जाच करतोय याचं त्यांना अर्धं हसू येत होतं. तिकडे फिटरबाई मोठ्यानं माणसं मोजत होती. आणि मोजणी चुकली. गेटवरच्या वहीत पाहुणे दोन होते, समोर एकच उभा होता.

काका मशीनच्या मागच्या बाजूला वळले आणि जागच्या जागी थिजले. मागच्या लोखंडी पायऱ्यांवर त्यांची बायको चढली होती. चपला खाली नीट जोडून ठेवल्या होत्या. सील बदलण्यासाठी काढलेलं झाकण अजून उघडंच होतं आणि तिथून ती कंबरेपर्यंत भांड्यात वाकली होती. उजवा हात पार तळाशी, मळायच्या पात्यांच्या मध्ये.

"अहो," आतून घुमणारा आवाज आला, "बरं झालं आलात. कोपऱ्यात पीठ वाळलंय इथं. हे असं धुतात का भांडं? आणि याच्यासाठी माझी अकरा वर्षं घालवलीत?"

पॅकिंगमधल्या बायका खो खो हसल्या. साहेबही हसले. दोघंच हसले नाहीत. काका एका हातानं मशीन धरून उभे होते. फिटरबाईनं पुढे होऊन काकूंना हात दिला, खाली उतरवलं, चपला पुढे सरकवल्या. मग झाकण बसवलं, पुन्हा फेरी मारली, पुन्हा माणसं मोजली. या वेळी मोजणी जुळली.

"आता काढा काका," ती म्हणाली.

काकांनी किल्ली फिरवून कुलूप उघडलं. त्यांनी ते खिशात टाकलं, पाटी काढली आणि फिटरबाईपुढे उभे राहिले.

"काल तू बघू म्हणालीस," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "बघायलाच तर सांगता तुम्ही."

एकच्या बसमध्ये खिडकीशी बायको बसली. गाव मागे पडेपर्यंत ती त्या भांड्याबद्दलच बोलत होती, राख आणि गरम पाणी वापरलं तर कसं लख्ख निघेल वगैरे. काकांनी तिचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. नखांत अजून वाळलेलं पीठ होतं. ते एकेक बोट अंगठ्यानं चाचपत राहिले.

"काय करताय?" तिनं विचारलं.

"मोजतोय."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. वस्तादांची गोष्ट तिला लग्नाआधीपासून ठाऊक होती. ती हात न काढता खिडकीबाहेर बघायला लागली.

"बरोबर आहेत का?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"आहेत," काका म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.